स्विंग काळातील जॅझ गायनाच्या जुन्या तबकड्या: निवड, पारख आणि जपणूक

जॅझच्या इतिहासात स्विंगचा, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांच्या नाचत्या संगीताचा, काळ ढोबळमानाने १९३५ ते १९४६ असा धरला जातो. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाला तरुण श्रोत्यांनी डोक्यावर घेतले, ही त्याची रूढ सुरुवात. आणि १९४६ च्या अखेरीस खर्च झेपेनासा होऊन अनेक नामवंत वाद्यवृंद मोडले, हा त्याचा शेवट. विनाइल या प्लॅस्टिकची एलपी, म्हणजे एका बाजूवर अनेक गाणी मावणारी तबकडी, कोलंबिया कंपनीने बाजारात आणली ती जून १९४८ मध्ये. या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की नव्या संग्राहकाच्या बहुतेक गोंधळाचे मूळ दिसते. ज्या काळाचे गाणे त्याला विनाइलवर हवे असते, त्या काळात विनाइलच्या तबकड्या दुकानांत जवळपास नव्हत्याच. ते गाणे लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर निघाले. विनाइलवर ते नंतर आले, आणि येताना कधी जसेच्या तसे आले, कधी रंगरंगोटी होऊन आले, तर कधी त्याच गायिकेने बऱ्याच वर्षांनी पुन्हा गायलेले गाणे जुन्याच्या जोरावर खपवले गेले.

त्यामुळे या क्षेत्रातल्या प्रत्येक तबकडीला दोन तारखा असतात: गाणे ध्वनिमुद्रित झाले ती एक, आणि हातात असलेली प्रत छापली गेली ती दुसरी. किंमत, आवाज आणि ती वाजवायला लागणारी सुई या तिन्ही गोष्टी या दोन तारखांवरून ठरतात. पैसे देण्यापूर्वी त्या दोन्ही वाचता येणे, हेच या संग्रहाचे मुख्य कसब आहे.

काय जमवायचे ते आधी ठरवावे

पहिला प्रकार अर्थातच मूळ लाखेच्या तबकड्यांचा. या बहुधा दहा इंची असतात आणि एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. हे तीन मिनिटांचे बंधन गाण्याच्या घडणीतच मुरलेले आहे: आधी वाद्यवृंद चाल मांडतो, मग गायिका एक आवर्तन गाते, आणि शेवटी पुन्हा वाद्ये. ज्याला त्या काळचा ऐवज त्या काळच्याच वस्तूवर हवा आहे, त्याच्यासाठी हा एकच खरा मार्ग आहे.

दुसरा प्रकार थोडा आडवाटेचा आहे. स्विंगच्या काळातच छापलेले खरे विनाइल हवे असेल तर ते प्रामुख्याने दोन ठिकाणी सापडते. १९४३ ते १९४९ या काळात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ बारा इंची असून त्यांच्या एका बाजूवर सहा मिनिटांहून अधिक संगीत मावत असे. समुद्रापार पाठवताना फुटू नयेत म्हणून त्या लाखेऐवजी विनाइलसारख्या लवचीक द्रव्यांत छापल्या जात. त्या विक्रीसाठी नव्हत्या, तसे लेबलवर स्पष्ट छापलेले असे, आणि योजना संपल्यावर त्यांचे साचे नष्ट करण्यात आले. दुसरे ठिकाण म्हणजे रेडिओ केंद्रांना पुरवल्या जाणाऱ्या सोळा इंची ट्रान्स्क्रिप्शन तबकड्या. त्यांचा आवाज अनेकदा दुकानी तबकड्यांपेक्षा स्वच्छ असतो. पण सोळा इंची तबकडी नेहमीच्या टर्नटेबलवर बसत नाही, आणि हे अनेकांच्या ध्यानात खरेदीनंतर येते.

तिसरा प्रकार पुनर्मुद्रित एलपींचा, म्हणजे जुन्या मूळ ध्वनिमुद्रणांवरून पुढे काढलेल्या तबकड्यांचा. उदाहरणार्थ, कोलंबियाने १९६२ मध्ये गायिका बिली हॉलिडेच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रणांचा तीन एलपींचा संच काढला. आरसीए व्हिक्टरची साठच्या दशकातील ‘व्हिंटेज’ मालिका आणि १९८३ मध्ये सुरू झालेल्या मोझेक कंपनीचे मर्यादित संच हेही याच जातीचे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने येथूनच आरंभ करावा असे माझे ठाम मत आहे. साधने साधी पुरतात, किंमत आवाक्यात राहते, आणि आपल्याला नेमकी कोणती गायिका आणि कोणता वाद्यवृंद भावतो, हे कळल्याशिवाय लाखेच्या तबकड्यांमागे धावण्यात अर्थ नसतो.

चौथा प्रकार म्हणजे स्विंग काळातील गायकांनी १९५० च्या दशकात टेपवर नव्याने गायलेल्या एलपी. गायिका एला फिट्झजेराल्डने १९५६ पासून व्हर्व्ह या कंपनीसाठी एकेका संगीतकाराच्या गाण्यांचे जे संच केले, ते या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध. गाणे म्हणून ते अव्वल आहेत यात वाद नाही. पण १९३८ साली चिक वेबच्या वाद्यवृंदापुढे उभी राहून गाणारी एकवीस वर्षांची एला त्यांत शोधू नये. या एलपींचा संग्रह करणे हा स्वतंत्र आणि देखणा छंद आहे. फक्त तो स्विंग काळाचा संग्रह समजून केला, तर फसगत होते.

गायिकेचे नाव लेबलवर बारीक अक्षरांत असते

शोध घेताना सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट ही की त्या काळात तबकडी वाद्यवृंदाच्या नावावर निघे. लेबलवर वाद्यवृंदप्रमुखाचे नाव ठळक असे, आणि गाणाऱ्याचे नाव ‘व्होकल कोरस’ किंवा ‘व्होकल रिफ्रेन’ अशा शब्दांपुढे खाली बारीक टाइपात येई. कधी तर नाव नसेच, नुसते ‘व्होकल रिफ्रेन’ एवढेच छापलेले असे. विक्रेत्यांच्या याद्याही लेबलवरच्या ठळक नावावरून तयार होतात. त्यामुळे केवळ गायिकेच्या नावाने शोधणाऱ्याला निम्मा माल दिसतच नाही.

बिली हॉलिडेची २ जुलै १९३५ पासूनची ब्रन्सविकवरील गाणी टेडी विल्सनच्या नावाखाली आहेत. १९३६ पासून व्होकॅलियनवर ती स्वतःच्या नावाने दिसू लागते. एला फिट्झजेराल्डची सुरुवातीची डेक्का तबकडी चिक वेबच्या नावाखाली शोधावी लागते. आयव्ही अँडरसन ड्यूक एलिंग्टनच्या नावाखाली सापडते, जिमी रशिंग आणि हेलन ह्यूम्स काउंट बेसीच्या, अनिता ओडे जीन क्रुपाच्या आणि पेगी ली १९४१ पासून दोनेक वर्षे गुडमनच्या नावाखाली. मिल्ड्रेड बेली कधी स्वतःच्या, तर कधी पती रेड नॉर्व्होच्या नावाखाली मिळते. हेलन फॉरेस्ट आर्टी शॉ, गुडमन आणि हॅरी जेम्स अशा तिघांकडे गायली असल्याने तिच्यासाठी तीन ठिकाणी हात घालावा लागतो.

नावांची ही उतरंड पुढे कशी उलटली, हे एका उदाहरणात नेमके दिसते. हॅरी जेम्सच्या वाद्यवृंदाबरोबर तरुण फ्रँक सिनात्राने १९३९ मध्ये ‘ऑल ऑर नथिंग ॲट ऑल’ हे गाणे कोलंबियासाठी ध्वनिमुद्रित केले. ते प्रथम बाजारात आले तेव्हा ठळक नाव जेम्सचे होते आणि तबकडी फारशी खपली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, कंपन्यांना नवा माल मिळेना, आणि दरम्यान सिनात्रा लोकप्रिय झालेला होता. तेव्हा १९४३ मध्ये कोलंबियाने तेच ध्वनिमुद्रण सिनात्राचे नाव ठळक करून पुन्हा काढले आणि ते तुफान चालले. गाणे तेच, ध्वनिमुद्रणाचे साल तेच, पण संग्राहकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुर्मीळ आहे ती पहिली. विक्रेत्याने लेबलचे छायाचित्र दिले नसेल तर ते मागून घ्यावे, असे सांगण्याचे कारण हेच.

कंपन्यांचे करारही लक्षात ठेवण्याजोगे असतात, कारण कोणती तबकडी मुळात अस्तित्वातच असू शकत नाही हे त्यांवरून कळते. बिली हॉलिडे १९३७ मध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदात गात होती. परंतु बेसी डेक्काशी आणि ती दुसऱ्या कंपनीशी बांधलेली असल्याने दोघांचे स्टुडिओतले एकही ध्वनिमुद्रण नाही. जे आहे ते रेडिओ प्रक्षेपणांवरून टिपलेले, पुढे एलपीवर आलेले. आर्टी शॉबरोबर तिचे ब्लूबर्डवर १९३८ मधले एकच गाणे आहे. एलाने नोव्हेंबर १९३६ मध्ये गुडमनबरोबर व्हिक्टरसाठी गायलेली गाणी डेक्काच्या आक्षेपामुळे कंपनीला मागे घ्यावी लागली. एप्रिल १९३९ मधले ‘स्ट्रेंज फ्रूट’ हॉलिडेच्या नेहमीच्या कंपनीने विषय स्फोटक म्हणून नाकारले आणि ते कमोडोर या छोट्या लेबलवर निघाले. त्यामुळे १९३९ ची कोलंबियाची प्रत म्हणून कोणी ते विकत असेल, तर वाद न घालता पुढे जावे.

लाखेची तबकडी हातात घेतल्यावर

लाखेची तबकडी निव्वळ लाखेची नसते. लाख हे बंधक द्रव्य. बाकी बहुतेक भाग दगडाच्या भुकटीचा आणि काजळीचा असतो. ही भुकटी मुद्दाम खरखरीत ठेवलेली असे, कारण पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाचे व्हावे अशी अपेक्षा होती. म्हणूनच एक बाजू वाजली की सुई बदलावी असा त्या काळचा नियम होता, आणि तो पाळणारे फार थोडे होते. घासलेल्या सुईने पुन्हापुन्हा वाजवलेल्या तबकडीच्या खाचेची भिंत खरवडली जाते, आणि ते नुकसान कोणत्याही धुण्याने भरून येत नाही.

हे नुकसान डोळ्यांना दिसते, मात्र त्यासाठी उजेड योग्य हवा. छतावरच्या पसरट ट्यूबलाइटखाली जवळपास प्रत्येक काळी तबकडी चांगली वाटते. एकाच बल्बच्या प्रकाशात तबकडी दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडांवर धरावी आणि हळूहळू तिरकी करत न्यावी. न झिजलेल्या खाचांवरून प्रकाशाची काळीभोर, चकचकीत पट्टी सरकत जाते. झिजलेल्या ठिकाणी ती पट्टी राखाडी आणि मळकट होते. गाण्याच्या तबकडीत हा राखाडीपणा सर्वत्र सारखा नसतो: वाद्यवृंद पूर्ण जोराने वाजतो तेथे, आणि गायिका सूर उंच चढवते तेथे, खाच अधिक वळणे घेते आणि तेथेच ती आधी झिजते. बाहेरचा भाग चमकता आणि मधला पट्टा राखाडी असेल, तर बहुधा नेमके गायनाचे आवर्तनच खराब झालेले असते, आणि आपल्याला हवे असते तेच. लेबलजवळच्या शेवटच्या अर्ध्या इंचाकडेही नीट पाहावे. तेथे खाचेचा वेग कमी असल्याने आवाज आधी फाटतो.

त्यानंतर कडा तपासावी. नख कडेवरून हलकेच फिरवले तर केसाएवढी चीरही लागते. कडेला उडालेला कपचा खाचांपर्यंत पोहोचला नसेल तर तो फक्त दिसायला वाईट. खाचांत शिरला असेल तर सुरुवातीचे काही फेरे गेले. कोलंबियाच्या १९३९ नंतरच्या तबकड्यांची रचना थरांची असे: आत स्वस्त गाभा आणि वर बारीक दळलेल्या द्रव्याचा गुळगुळीत थर. यामुळे त्यांची खरखर इतरांपेक्षा स्पष्ट कमी असते, पण कालांतराने वरच्या थराला आतून तडे जातात. असा तडा नखाला नेहमीच लागत नाही, तिरक्या उजेडात मात्र बारीक रेघ म्हणून दिसतो. तो असूनही तबकडी वाजते, फक्त प्रत्येक फेऱ्याला टिक्‌ असा आवाज येतो.

लेबल आणि काळ यांवरून आवाजाचा अंदाज आधीच बांधता येतो. डेक्काने १९३४ मध्ये ३५ सेंटला तबकडी विकायला सुरुवात केली, तेव्हा ब्रन्सविक आणि व्हिक्टरच्या मुख्य तबकड्या ७५ सेंटच्या होत्या. स्वस्त असल्याने डेक्का घराघरांत गेली आणि आजही सहज मिळते. मात्र तिचा पृष्ठभाग बऱ्याचदा खरखरीत असतो. ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणे टाकून गाणे लावायच्या यंत्रात, वाजलेल्या प्रती तर बहुतेक पार झिजलेल्याच असतात. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने युद्धासाठी लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली, कारण लाख मुख्यतः भारतातून जहाजाने येई आणि तिची लष्करालाही गरज होती. तेव्हा कंपन्या जुन्या तबकड्या गोळा करून, दळून पुन्हा वापरू लागल्या. त्यामुळे १९४२ ते १९४५ मधली, दिसायला अगदी नवी तबकडीही वाजताना वाळूत चालल्यासारखी वाटू शकते. तो दोष छपाईचा. आधीच्या मालकाला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही.

आता मॅट्रिक्स क्रमांक. लेबलवरचा मोठा क्रमांक हा विक्रीच्या यादीतला, दोन्ही बाजूंना समान. मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या एका ध्वनिमुद्रणाचा, प्रत्येक बाजूला वेगळा. तो लेबलवर बारीक छापलेला किंवा लेबल आणि शेवटची खाच यांमधल्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला असतो, आणि त्याच्यापुढे जोडरेषेनंतर येणारा १ किंवा २ असा आकडा टेकचा, म्हणजे ते गाणे ध्वनिमुद्रित करण्याच्या कितव्या खेपेचे आहे त्याचा. यावरून ध्वनिमुद्रणाचा दिवस आणि वादकांची नावे काढता येतात. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने चालवलेली अमेरिकी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची डिस्कोग्राफी त्यासाठी ऑनलाइन आणि विनामूल्य उपलब्ध आहे. एकच मॅट्रिक्स दोन-तीन लेबलांवर दिसला तर दचकू नये. ब्रन्सविक, व्होकॅलियन आणि कोलंबिया ही लेबले ज्या कंपनीकडे होती ती कंपनी १९३८ च्या अखेरीस सीबीएस या रेडिओ कंपनीने घेतली, आणि म्हणून टेडी विल्सन-बिली हॉलिडे यांची ब्रन्सविकवरची गाणी पुढे कोलंबियाच्या लाल लेबलवरही निघाली. ऐकण्यासाठी घेणाऱ्याला मी ही नंतरची कोलंबियाच सुचवीन. तिचा पृष्ठभाग शांत असतो आणि किंमत कमी. मूळ ब्रन्सविकच हवी असा आग्रह ज्याचा त्याचा.

एलपी: लेबल, खोटा स्टिरिओ आणि नव्याने गायलेली जुनी गाणी

एलपीच्या बाबतीत एक नियम पाठ करून ठेवला तर निम्मा धोका टळतो. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. त्यामुळे स्विंग काळातले गाणे आणि जॅकेटवर ‘स्टिरिओ’ हा शब्द एकत्र आले, की तो स्टिरिओ कृत्रिम आहे असेच समजावे. साठच्या दशकात कंपन्यांनी जुनी मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाची, ध्वनिमुद्रणे एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार सूर चढवून, वर घुमारा मिसळून विकली. ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ’ किंवा कॅपिटॉलच्या तबकड्यांवरचे ‘ड्युओफोनिक’ ही त्याची ओळख. या करामतीत सर्वांत जास्त बिघडतो तो मानवी आवाज: गायिका मध्यभागी उभी न राहता दोन स्पीकरांमध्ये पसरून जाते आणि तिच्या उच्चारांची धार बोथट होते. त्याच एलपीची मोनो प्रत बहुधा निघालेली असते. थोडे थांबून तीच घ्यावी.

दुसरा सापळा नव्याने गायलेल्या गाण्यांचा. जॅकेटवर ‘हाय-फाय’ (अस्सल वाटणारा सुस्पष्ट आवाज) हा शब्द, गाण्यांची नावे १९४० च्या आसपासची, आणि ध्वनिमुद्रणाची तारीख कोठेच नाही, असे असेल तर सावध व्हावे. हॅरी जेम्सने १९५५ मध्ये कॅपिटॉलसाठी हेलन फॉरेस्टला घेऊन आपली जुनी गाणी हाय-फायमध्ये पुन्हा केली. ती एलपी उत्तम आहे आणि ती आपण काय आहोत ते लपवत नाही. पण पुढच्या काळात स्वस्त लेबलांनी अशा पुनर्गायनांचे जे संग्रह काढले, त्यांतले बरेच ते लपवतात. लाखेच्या काळातली बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपते; गाणे साडेचार मिनिटांचे असेल तर ते त्या काळचे दुकानी ध्वनिमुद्रण नव्हे, एवढी साधी कसोटीही पुष्कळदा पुरते.

छपाईचा काळ ठरवण्यासाठी लेबलची रचना पाहावी. कोलंबियाच्या लेबलवर दोन्ही कडांना मिळून सहा लहान ‘डोळे’ असतील, तर प्रत पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून १९६२ पर्यंतची. दोनच डोळे असतील तर त्यानंतरची. डेक्काचे काळे लेबल चंदेरी किंवा सोनेरी अक्षरांचे असेल तर ते पन्नाशीचे, आणि आडवा रंगीत पट्टा असेल तर साठीचे. व्हर्व्ह ही नॉर्मन ग्रांझने १९५६ मध्ये काढलेली कंपनी १९६० च्या अखेरीस एमजीएमकडे गेली. लेबलच्या तळाशी एमजीएमचे नाव असेल तर ती नंतरची छपाई. लेबलच्या कागदाखाली उमटलेले खोल वर्तुळ हेही सर्वसाधारणपणे पन्नाशीच्या आणि साठीच्या आरंभीच्या छपाईचे लक्षण आहे. परंतु जुने जॅकेट आणि नवी तबकडी अशा जोड्या सर्रास लावलेल्या असतात, म्हणून जॅकेटवरून कधीच निष्कर्ष काढू नये. तबकडी बाहेर काढूनच पाहावी.

जॅकेटचा स्वतंत्र मोह असतो, तो मान्य केला पाहिजे. क्लेफ, नॉरग्रॅन आणि व्हर्व्ह या लेबलांसाठी डेव्हिड स्टोन मार्टिनने शाईच्या रेषांत काढलेली मुखपृष्ठे कित्येकदा आतल्या तबकडीपेक्षा महाग असतात. चित्रासाठी पैसे द्यायला हरकत नाही. फक्त आपण चित्रासाठी देत आहोत हे माहीत असावे.

अलीकडच्या जाड, १८० ग्रॅम वजनाच्या पुनर्मुद्रणांविषयी थोडक्यात. युरोपात १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे हक्कमुक्त असल्याने तेथे कोणीही ती काढू शकतो, आणि अनेक जण मूळ साच्यापर्यंत न जाता एखाद्या सीडीवरून काढतात. वजनाचा आवाजाशी संबंध नाही. कोणत्या स्रोतावरून आणि कोणी काम केले हे जॅकेटवर लिहिलेले नसेल, तर ती तबकडी घेण्याचे विशेष कारण उरत नाही. खरखर पूर्ण घालवलेल्या प्रतींवरही विश्वास ठेवू नये, कारण खरखरीबरोबर गायिकेचा श्वासही पुसला जातो.

वाजवण्याची साधने

७८ ची तबकडी आणि एलपी यांच्या खाचा वेगवेगळ्या मापाच्या असतात. लाखेच्या तबकडीला सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे जवळपास ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. मोनो एलपीला १ मिल आणि स्टिरिओ एलपीला त्याहून थोडी बारीक. एलपीची सुई लाखेच्या रुंद खाचेच्या तळाशी लोळत जाते, तेथला कचरा उकरते आणि आवाजाऐवजी खरखर ऐकवते. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवली तर एलपीच कायमची बिघडते. म्हणून ७८ फेऱ्यांची सोय असलेले टर्नटेबल, आणि ज्याची सुई सहज काढून बदलता येते असे कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) घ्यावे. लाखेच्या तबकडीवर सुईचा भार एलपीपेक्षा जास्त, साधारण ३ ते ५ ग्रॅम ठेवतात. नेमका आकडा त्या सुईच्या उत्पादकाचाच मानावा. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने तबकडी वाजवण्याचे नाटक पाहुण्यांपुढे छान वाटते, पण ते झिजून बाद झालेल्या प्रतींपुरतेच राखावे.

झिजलेल्या तबकडीसाठी एक जुनी युक्ती आहे. पोलादी सुईने खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर खरवडलेली असते. थोड्या वेगळ्या मापाची, उदाहरणार्थ २.५ किंवा ३.५ मिलची सुई त्याच भिंतीच्या न झिजलेल्या भागावरून चालते, आणि गेलेला आवाज बऱ्यापैकी परत येतो. ॲम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते ७८ साठी आणि मोनो एलपीसाठीही दाबूनच ठेवावे. खाचेतल्या वर-खाली हालचालीतून येणारी बरीच खरखर त्याने जागच्या जागी निघून जाते. आरआयएए ही आवाजाच्या समतोलाची पद्धत १९५४ मध्ये प्रमाण ठरली. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. म्हणून जुनी तबकडी आजच्या यंत्रावर कोंदट किंवा कर्कश वाटली, तर टोनचे बटण कानाला पटेल तसे फिरवण्यात काहीच गैर नाही.

धुणे आणि ठेवणे

एकच गोष्ट कधीही विसरू नये: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी धुण्याच्या बाजारी द्रवांत ते बहुधा असते, त्यामुळे ते द्रव लाखेच्या तबकडीला लावू नयेत. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने हात, मग साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून लगेच टिपून घेणे, इतके पुरे. लेबल ओले होऊ देऊ नये आणि तबकडी पाण्यात भिजत ठेवू नये.

दोन्ही प्रकारच्या तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, एकमेकींना टेकून पण तिरक्या न होतील अशा. लाखेच्या तबकड्यांचे वजन मोठे असते, हे फळी निवडताना ध्यानात घ्यावे. त्यांना साधा आम्लरहित कागदी लिफाफा योग्य. एलपीसाठी पीव्हीसीचे पारदर्शक लिफाफे टाळावेत; वर्षानुवर्षांच्या संपर्काने तबकडीवर पांढुरका पडदा चढतो आणि तो जात नाही. १९४० च्या आसपासचे पुस्तकासारखे बांधलेले जुने अल्बम देखणे असतात, परंतु पान उलटताना आतली तबकडी कण्याशी दाबली जाऊन तडकते. अल्बम जपून ठेवावा आणि तबकड्या वेगळ्या लिफाफ्यांत.

खरेदी आणि नोंद

विक्रेत्यांच्या दर्जाच्या खुणा समजून घ्याव्यात. एलपीसाठी मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड अशी उतरती श्रेणी चालते. लाखेच्या तबकड्यांच्या याद्यांत एन (न्यू), ई (एक्सलंट), व्ही (व्हेरी गुड), जी (गुड), एफ (फेअर), पी (पुअर) ही अक्षरे अधिक दिसतात, आणि प्लस-वजाच्या चिन्हांनी त्यांत आणखी पायऱ्या पडतात. गाणे शांतपणे ऐकायचे तर एलपी व्हीजी प्लसच्या खाली आणि लाखेची तबकडी व्ही प्लसच्या खाली घेऊ नये. गुड या दर्जाची प्रत वाजते एवढेच. दर्जा नुसता पाहून दिला आहे की वाजवून, हे विचारावेच. लाखेच्या बाबतीत या दोन उत्तरांत फार अंतर असते, कारण राखाडी न दिसणारी तबकडीही गायिकेच्या ‘स’कारावर फाटू शकते. फोनवरून तेवढेच आवर्तन ऐकवण्याची विनंती चांगला विक्रेता नाकारत नाही.

टपालाने मागवताना बांधणीच्या सूचना लेखी द्याव्यात. लाखेची तबकडी लिफाफ्यासह तिच्याहून मोठ्या दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधावी, ती जुडी खोक्यात चारही बाजूंनी मऊ भरावाच्या मध्ये ठेवावी, आणि ते खोके दुसऱ्या खोक्यात. एलपीच्या चपट्या खोक्यात आलेली लाखेची तबकडी तुकड्यांत येते. एलपी मागवताना ती जॅकेटच्या बाहेर, मागे ठेवून पाठवायला सांगावी, म्हणजे प्रवासात जॅकेटची शिवण फाटत नाही. पार्सल आल्यावर ते काही तास तसेच राहू द्यावे; बाहेरच्या थंडीतून आलेली लाख लगेच हाताळली तर अधिक सहज तडकते.

प्रत्येक तबकडीची नोंद ती फळीवर चढण्याआधीच करावी. वाद्यवृंद, गायिका, लेबल, यादी क्रमांक, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स आणि टेक, ध्वनिमुद्रणाची तारीख, छपाईचा अंदाजे काळ, कोणत्या मापाच्या सुईने सर्वांत चांगली वाजली ते, आणि दोष नेमका कोठे आहे ते. यातला टेकचा रकाना पुष्कळ जण गाळतात. काही बाजूंचे दोन्ही टेक त्या काळीच बाजारात गेलेले आहेत, आणि दुसऱ्या टेकमध्ये गायिका तीच ओळ तालाच्या किंचित मागून घेते असेही घडते. दोन प्रती एकसारख्या समजून खराब दिसणारी विकून टाकण्यापूर्वी दोन्हींच्या कोऱ्या पट्ट्यावरचा जोडरेषेनंतरचा आकडा भिंगातून वाचावा, आणि तो वेगळा निघाला तर दोन्ही ठेवाव्यात.